हजार रुपयांची तरतूद: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरची पहिली गाडी सुटली. त्या गर्दीत मीही उभा होतो. शेजारी माझी मुलगी, तिच्या कडेवर तिची मुलगी. अहिल्यानगर–बीड–परळी हा रेल्वेमार्ग मंजूर झाला १९९५-९६ साली. मुलीचा जन्मही त्याच साली झालेला. तेव्हा वर्तमानपत्रात आलेला आकडा माझ्या लक्षात आहे, कारण आकडे लक्षात ठेवणं हाच माझा धंदा होता: २६१ किलोमीटर, खर्च सुमारे ३५३ कोटी. किलोमीटर आजही तेवढेच आहेत. खर्च ४,८०० कोटींच्या घरात गेलाय. आणि हे लिहितोय तेव्हा बीड ते परळी या टप्प्याचं काम पूर्ण व्हायचंच आहे.

गाडी आली याचा आनंद मला झाला नाही असं कुणी म्हणू नये. डोळे भरून आले. पण घरी येऊन चहा घेताना मनातला लेखापाल जागा झाला, आणि त्यातून हे पत्र निघालं.

मी विभागीय लेखापाल होतो. पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकाम अशा दोन्हीकडच्या विभागांत मिळून पस्तीस वर्षं काढली. आमचा हुद्दा चमत्कारिक. नेमणूक महालेखापालांची, खुर्ची कार्यकारी अभियंत्याच्या शेजारी. त्यामुळे ठेकेदार आम्हाला अभियंत्याचा माणूस समजतो आणि अभियंता आम्हाला ऑडिटचा. त्या खुर्चीतून सरकारची गुंतवणूक जशी दिसते तशी ती दिल्लीतल्या भाषणातून दिसत नाही, एवढ्याच अधिकाराने लिहितोय.

दर १ फेब्रुवारीला आपण सभागृहात एक आकडा ऐकता आणि बाकं वाजवता किंवा वाजवत नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तो ११.२१ लाख कोटी होता. भांडवली खर्च, म्हणजे ज्यातून मालमत्ता उभी राहते तो. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा महसुली खर्च. आकडा मोठा आहे यात वाद नाही. पण एका वर्षाचा आकडा म्हणजे वहीतलं एक पान. मागची पानं उलटल्याशिवाय या पानाचा अर्थ लागत नाही.

१९९०-९१ साली केंद्राचा एकूण खर्च एक लाख पाच हजार कोटींच्या आसपास होता आणि त्यातले जवळजवळ ३२ हजार कोटी भांडवली. रुपयातले तीस पैसे. २००८-०९ साली एकूण खर्च ८.८४ लाख कोटींवर गेला आणि भांडवली खर्च उरला ९० हजार कोटी. रुपयातले दहा पैसे. २०१९-२०ला ३.३६ लाख कोटी, म्हणजे साडेबारा पैसे. त्यानंतर चढण लागते: २०२३-२४ला ९.४९ लाख कोटी, एकवीस पैसे. २०२५-२६च्या अंदाजात बावीस. थोडक्यात, ज्या वाढीबद्दल आपण पाठ थोपटून घेतो ती वाढ अजून १९९०-९१च्या वाट्यालाही पोचलेली नाही. त्याच अर्थसंकल्पात व्याजापोटी जाणारी रक्कम १२.७६ लाख कोटी आहे, तीही शेजारी मांडून बघा. त्या वर्षी नवं जे उभं करायचं त्याहून जास्त पैसा जुन्या कर्जाच्या व्याजासाठी ठेवलेला.

हा वाटा घसरला तो कुणी एकाने ठरवून नाही. १९९१च्या पेचप्रसंगानंतर तूट आवरायची होती. मग पाचवा वेतन आयोग आला, सहावा आला. २००३चा वित्तीय जबाबदारी कायदा आला आणि महसुली तूट, म्हणजे महसुली उत्पन्नाहून जास्त होणारा महसुली खर्च, शून्यावर आणायची तारीख ठरली. खर्च कमी करायला बसलं की टेबलावर काय काय असतं? पगार कापता येत नाही, संघटना आहेत. व्याज थांबवता येत नाही, पत जाते. खताच्या अनुदानाला हात लावला तर रस्त्यावर ट्रॅक्टर येतात. न बांधलेल्या धरणाची मात्र संघटना नसते. न आलेल्या रेल्वेचे प्रवासी मोर्चा काढत नाहीत, काढला तरी दिल्लीपर्यंत आवाज जात नाही. कात्री फिरते ती तिथेच. २००८-०९ हे तर त्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. कर्जमाफी, वेतन आयोगाची थकबाकी, चढलेलं खत-तेल, सगळं एकाच वर्षात आलं आणि भांडवली खर्च तळाला बसला.

आता थोडी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. वरच्या घसरणीत आणि चढणीत, दोन्हींत, काही भाग निव्वळ खिसा बदलल्याचा आहे.

पूर्वी केंद्र राज्यांना कर्ज द्यायचं आणि ते केंद्राच्या भांडवली खर्चात धरलं जायचं. पोस्टातल्या अल्पबचतीचा पैसासुद्धा असाच राज्यांकडे जायचा. १ एप्रिल १९९९पासून अल्पबचतीचा स्वतंत्र निधी झाला आणि ती रक्कम केंद्राच्या या रकान्यातून गेली. पुढे डॉ. रंगराजन यांच्या बाराव्या वित्त आयोगाने सांगितलं की राज्यांनी बाजारातून थेट कर्ज काढावं, केंद्राने मधली दलाली सोडावी. २००५नंतर तोही आकडा आटला. म्हणजे १९९०-९१चे तीस पैसे आणि २००८-०९चे दहा पैसे यांतली सगळीच दरी बंद पडलेल्या कामांची नव्हती. हे मी केंद्राच्या बाजूने बोलतोय, नोंद असावी.

चढणीचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण वर्षाला ६५ हजार कोटींपर्यंत स्वतःच्या नावावर कर्ज काढत होतं. ते कर्ज अर्थसंकल्पाच्या बाहेर असायचं. २०२२-२३पासून ते बंद करून पैसा थेट अर्थसंकल्पातून देणं सुरू झालं. रेल्वेचंही पूर्वी मोठं कर्ज बाहेरून असायचं, २०२५-२६ला अर्थसंकल्पातूनच अडीच लाख कोटी ठेवले होते. हिशेबाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, मी स्वागत करतो, उजेडात आलेलं कर्ज केव्हाही बरं. पण रस्ता तोच, रूळ तेच, फक्त बिल दुसऱ्या खिशातून जातंय. त्याला शंभर टक्के 'वाढ' म्हणणं म्हणजे बायकोच्या डब्यातले पैसे आपल्या पाकिटात ठेवून पगार वाढला म्हणून पेढे वाटणं.

आणि काही आकडे तर निव्वळ गमतीचे. २००७-०८ साली रिझर्व्ह बँकेकडचा स्टेट बँकेतला हिस्सा सरकारने साडेपस्तीस हजार कोटींना घेतला. भांडवली खर्च! २०२१-२२ला एअर इंडियाच्या जुन्या देण्यांसाठी सुमारे ५२ हजार कोटी गेले. तेही भांडवली! लेखाशास्त्राच्या नियमाने दोन्ही नोंदी बरोबर आहेत, माझी हरकत नाही. पण त्यातून एक वीट रचली गेली नाही.

सगळ्यात मजेशीर वर्तुळ राज्यांच्या कर्जाचं. केंद्राने राज्यांना कर्ज देणं थांबवलं असं वर म्हटलं ना? २०२०-२१ला कोविडच्या काळात १२ हजार कोटींची एक योजना आली: राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज. २०२५-२६ला तिची तरतूद दीड लाख कोटी होती. योजना उत्तम आहे, पन्नास वर्षं बिनव्याजी पैसा कोण देतो! पण ही रक्कम केंद्राच्या ११.२१ लाख कोटींत एकदा मोजली जाते आणि राज्याने ती खर्च केली की राज्याच्या भांडवली खर्चात पुन्हा. केंद्र आणि राज्य दोघेही तोच पूल आपल्या खात्यावर दाखवतात. दोन्ही आकडे बेरजेला घेणारा कुणी वक्ता भेटला तर हे लक्षात असू द्या.

वाढ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. खिशांची अदलाबदल वजा केली तरी रस्ते आणि रेल्वे यांवर गेल्या पाच-सहा वर्षांत खरा पैसा ओतला गेलाय, आणि तो डोळ्यांना दिसतो. आमची गाडी आली ती त्याच लाटेवर. माझी तक्रार वेगळी आहे. लाट ओसरली की काय होतं ते मी पाहिलंय.

पैसा थेंबाथेंबाने आला की काम कसं मरतं ते सांगतो. एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावर मी होतो. नाव घेत नाही. कालवा सत्तावीस किलोमीटर खोदून तयार होता, मातीचा भराव घालून, रोलर फिरवून. मध्ये एका ओढ्यावर जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी पलीकडे नेणारा पूल, बांधायचा होता, त्याला त्या वर्षी तरतूद मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिळाली ती एका पायासाठी. तिसऱ्या वर्षी ठेकेदाराने यंत्रं उचलून नेली, कारण त्याचं आधीचं बिल दोन मार्चअखेरी लटकलेलं. पावसाळ्यात भरावाला घळी पडल्या. पाचव्या वर्षी कालव्यात बाभळी उगवल्या होत्या आणि शेळ्या चरत होत्या. सहाव्या वर्षी सुप्रमा आली, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. दर नवे, जमिनीचा मोबदला नवा. त्या अंदाजपत्रकात एक बाब होती: कालव्यातली झाडंझुडपं काढणं. ती रक्कम मी माझ्या हाताने मोजमाप पुस्तिकेवरून तपासली आणि पास केली. सरकारने आधी कालवा खोदायचे पैसे दिले, मग त्यात उगवलेल्या बाभळी तोडायचे. दोन्ही भांडवली खर्च. त्या वर्षी आमच्या विभागाची 'गुंतवणूक' वाढली.

पाणी? ते जलसेतूपर्यंत यायचं आणि थांबायचं.

काम मेलं असं मात्र कागदावर कधीच होत नाही. त्यावर आमच्याकडे अक्सीर इलाज आहे: टोकन तरतूद. एक हजार रुपये. कामापुढे हजार रुपये लिहिले की लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं त्याचं खातं, जिवंत राहतं, काम 'चालू' यादीत राहतं, उद्घाटनाची कोनशिला खोटी ठरत नाही. रेल्वेचं पिंक बुक उघडून पाहा. कामवार तरतुदी दिलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षं अशा हजार रुपयांवर तग धरलेली कामं त्यात सापडतील. हजार रुपयांत साइटवरच्या चौकीदाराचा आठवड्याचा पगारही होत नाही. तरी दरवर्षी नवी कामं त्या यादीत येऊन पडतात, कारण नव्या कामाचा नारळ फोडता येतो आणि जुन्या कामाचं फक्त भिजत घोंगडं दिसतं.

पूर्वी सगळं छान होतं असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी मी नाही. पण एक जोडी शेजारी ठेवून बघाच. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी ऑक्टोबर १९६५मध्ये केली, धरणाचं लोकार्पण इंदिरा गांधींनी फेब्रुवारी १९७६मध्ये केलं. मध्ये १९७१चं युद्ध झालं आणि १९७२चा दुष्काळ झाला. तरी दहा-साडेदहा वर्षांत नाथसागर भरला. कालव्यांचं काम पुढे रेंगाळलं आणि विस्थापितांचे हाल झाले, तेही खरं. आता पूर्वेकडे या. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची पायाभरणी एप्रिल १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. २००९ला तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, पुढे खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींवर गेला. सदतीस वर्षं उलटली तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचल्याचं कुणी म्हणत नाही. महागाईने रुपया झिजला, २०१४पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला योग्य मोबदला मिळू लागला, हे सगळं मान्य. पण ३७२चे १८ हजार निव्वळ महागाईने होत नाहीत. दोन पायाभरण्यांमधल्या तेवीस वर्षांत देशात पैसा कमी झाला नव्हता, वाढलाच होता. एका कामावर पुरेसा आणि सलग पैसा टाकायची सवय तेवढी गेली.

यात राज्यकर्त्यांच्या वाटपाचाही भाग आहे. १९९६नंतर पाटबंधाऱ्यांची महामंडळं झाली, रोखे काढून पैसा उभा केला, आणि शेकडो कामांचे नारळ एकदम फुटले. २०१२ साली राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचनाखालचं क्षेत्र दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर आल्याचं छापून आलं तेव्हा कल्लोळ झाला. भ्रष्टाचार किती, कुणाचा, त्यात मी शिरत नाही, ते तपासाचं काम. पण एक पैसाही कुणी खाल्ला नसता, तरी एवढी कामं एकाच वेळी अर्धी धरली की निकाल साधारण तोच आला असता. दहा खड्डे पाच-पाच फूट खणून पाणी लागत नाही.

एक छोटी बाब, पण माझ्या मते फार महत्त्वाची. लेखाशीर्ष ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च. लेखाशीर्ष ३०५४ म्हणजे त्याच रस्ते-पुलांची देखभाल, महसुली. नवा रस्ता केला की अर्थसंकल्पात 'गुंतवणूक' वाढते. जुन्याचे खड्डे बुजवले की 'महसुली तूट' वाढते आणि पतमापन संस्था नाक मुरडतात. मग कोणता अर्थसचिव ३०५४ला पैसा देईल? भांडवली खर्चाचं कौतुक जितकं वाढतंय तितकी ही ओढ वाढतेय. रस्ता पूर्ण खचू द्यायचा आणि मग 'सुधारणा' म्हणून ५०५४मधून नवा करायचा, हे आमच्या कचेरीत उघडपणे बोललं जायचं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. नंतर तिथे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. पैसा, माणसं, आदेश सगळं सलग असलं की किती वेळ लागतो त्याचा हा पुरावा, आणि त्यासाठी काय घडावं लागलं त्याचाही. त्याच रस्त्याचं, मुंबई–गोवा महामार्गाचं, चौपदरीकरण मात्र २०११पासून चाललंय. कोकणातले सदस्य हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात, दर गणपतीला.

राज्यात आता लाडक्या बहिणींमुळे बांधकामाला पैसा नाही असं ऐकू येतं. २०२५-२६ला त्या योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत, आणि त्याच वर्षी ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले, हे दोन्ही खरंय. पण दीड हजार घेणाऱ्या बाईवर खापर फोडणं मला पटत नाही. माझा तो कालवा बाभळींनी भरला तेव्हा ही योजना नव्हती. कात्री कुठे फिरते ते आधीपासूनच ठरलेलं आहे, निमित्त तेवढं दरवेळी नवं मिळतं.

तर मागणं काय. दोन तक्ते, एवढंच.

पहिला: १९९०-९१पासून आजवरची केंद्राच्या गुंतवणुकीची सलग मालिका, सगळे खिसे एकत्र करून. अर्थसंकल्पातला भांडवली खर्च, सार्वजनिक उपक्रमांनी बाहेरून काढलेला पैसा आणि राज्यांना मालमत्तेसाठी दिलेली अनुदानं, जी आता धरून 'प्रभावी भांडवली खर्च' म्हणून शेजारी दाखवतात. त्यातून राज्यांची कर्जं, बँकांचे हिस्से, विमान कंपनीची देणी वेगळी काढलेली. मग खरंच किती वाढलं ते आपोआप दिसेल. मला वाटतं, सरकार कोणतंही असो, या तक्त्यात त्याची बाजू काही वर्षी चांगली दिसेल आणि काही वर्षी नाही. म्हणूनच आजवर तो कुणी मागितला नसावा.

दुसरा माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा: दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक चालू कामाची यादी. मूळ किंमत, आजची किंमत, आजवरचा खर्च, या वर्षीची तरतूद, आणि शेवटच्या रकान्यात एक साधा भागाकार, याच गतीने पैसा आला तर काम पूर्ण व्हायला किती वर्षं लागतील. सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांचा अहवाल काढतं, त्यात उशीर आणि वाढलेला खर्च असतो. पण तो अहवाल एका कपाटात आणि अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंजुरीसाठी येणारे खात्यांचे खर्च, दुसऱ्या कपाटात. मागण्या मताला टाकताना ही यादी आपल्या बाकावर नसते. हजार रुपयांच्या तरतुदीपुढे शेवटच्या रकान्यात काय उत्तर येईल याचा हिशेब मी एकदा एका कामासाठी केला होता. उत्तर काही लाख वर्षं आलं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "सही करा." केली.

आपण सदुसष्ट जण आहात, सहा-सात पक्षांचे. एकमेकांचं पटत नाही हे ठाऊक आहे. पण हे तक्ते मागायला विचारधारा लागत नाही. एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, पुरतो, किंवा अर्थविषयक स्थायी समितीत एक टिपण. ज्यांच्या मतदारसंघात असं एखादं जुनं काम पडून आहे त्यांनी तरी नवीन कामाचं पत्र मंत्र्यांना देण्याआधी या जुन्याची फाइल मागवावी. नव्या नारळाला बंदी घाला असं म्हणत नाही, आधीच्या नारळाचं झालं काय एवढं विचारा.

माझ्यापुरतं सांगतो. पुढचं पिंक बुक आलं की मी मध्य रेल्वेचा विभाग उघडणार, अहिल्यानगर–बीड–परळीची ओळ शोधणार आणि त्यापुढची रक्कम वहीत उतरवून घेणार. नातीला अजून वाचता येत नाही, पण आकडे ओळखते.

आपला नम्र,
एक निवृत्त विभागीय लेखापाल
बीड